मेव्हण्याच्या नावानं उघडणारी पेटी

कोण उघडतं ते मला काय विचारता? मी काय पहारेकरी आहे का त्या फायलींच्या पेटीचा — तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हीच शोधा. आठ महिन्यांपूर्वी दुकान सोडून गेलेल्या माणसाच्या नावानं रोज सकाळी सातला कुणीतरी पेटी उघडतं म्हणता — उघडत असेल. भूत उघडत असेल. मुलाला विचारा. नाही, तो आज नाही यायचा, चामडं बघायला गेलाय, सून पण गेलीय बरोबर, संध्याकाळ होईल त्यांना. म्हणून तर मी बसलोय तुमच्यासमोर, नाहीतर मला काय हौस आहे का वायरी बघत बसायची. ते स्टूल नको, त्याचा पाय हलतो. हसा. लंगड्यांचे बूट करणाऱ्याच्या दुकानात लंगडं स्टूल — सगळे हसतात, तुम्ही पण हसा.

ही तुमची तिसरी खेप ना? पहिल्यांदा आलात तेव्हा काय, तर पेटीला मोठ्या मशीनचा — सर्व्हर की काय त्याचा — पत्ताच सापडत नाही. एकाच खोलीत दोघं, चार हातांचं अंतर, आणि ही बया पत्ता विचारतेय बाहेरच्या कुणा तिऱ्हाइताला. घरातला माणूस कुठं बसतो ते रस्त्यावर जाऊन विचारायचं. तुम्हीच सांगितलंत तसं, मी बनवून नाही बोलत. दुसऱ्यांदा आलात तर वायर निघालेली. निघते वायर. केर काढताना निघते. आणि आज म्हणता घड्याळ — पेटीचं घड्याळ सात मिनिटं पुढं, म्हणून मोठं मशीन तिला आत घेत नव्हतं. सात मिनिटांसाठी. मी गिऱ्हाइकांना सात-सात दिवस फेऱ्या मारायला लावल्यात, मला कुणी दाराबाहेर उभं केलं नाही.

आणि हे सगळं कशासाठी, तर डोमेन. मुलानं मला समजावलं दहा वेळा, मला समजलं पहिल्याच वेळेला, पण मी समजलं म्हटलं नाही. मोठ्या मशीनमध्ये सगळ्यांची नावं. ज्याचं त्याचं नाव, ज्याची त्याची किल्ली. पेटीत खण, आणि कुणाचा हात कुठल्या खणात जाणार ते मुलगा ठरवणार. काम सोडून गेला की एका जागी नाव खोडलं, की सगळीकडून बाद. चाळीस वर्षं या दुकानाला एकच कुलूप होतं, किल्ली खिडकीवरच्या डब्यात, ज्याला लवकर जाग येईल त्यानं उघडायचं. चोरी? बूट कोण चोरणार — एक टाच उंच, एक बसकी, चोराला बसला पाहिजे ना.

ती स्क्रीनवर काय चौकट आली? वाचा ना, मला काय दाखवता. हं — जुन्या नोंदी ठेवायच्या का पुसायच्या. पुसा. त्यात काय विचारायचं, पुसा सरळ. कसल्या नोंदी आहेत असल्या मोठ्या? कुणी पेटी उघडली, किती वाजता, काय ऐकलं, काय पुसलं. — काय पुसलं ते पण? वा. म्हणजे पुसलेलं पुसल्यावर ते पुसलं म्हणून पुन्हा लिहून ठेवायचं. कुणी शोधलं हे? त्याला बायको नसणार, असती तर हे काम तिनंच केलं असतं.

नाही, मुलाला कशाला विचारायला पाहिजे. दुकान माझ्या नावावर आहे. तुमच्या कागदावर मीच सही करणार आहे ना — मग. मी सांगतोय पुसा.

का बघताय असं? यादी पुरी करा तोवर. मुलगा, सून, दोन कारागीर, पुढं बसणारी बाई. पाच. सहावं? माझं? मुलानं माझं पण घातलंय? विचारलं नाही मला. नको, काढून टाका. म्हणजे काय काढता येत नाही — आठ अक्षरं घालायची, मधे एक आकडा, माझी मी, तुम्ही तोंड फिरवणार. मला तोंड फिरवलेल्या माणसासमोर काही करायची सवय नाही. आणि चष्मा नाही माझ्याकडं. हा? कपाळावरचा? हा टाके बघायचा चष्मा आहे. वाचायचा वेगळा असतो. असतो वेगळा. तुम्ही डोळ्यांचे डॉक्टर आहात का?

राहू द्या माझं. मेव्हण्याचं नाव आहे तसं ठेवा, संपलं. — नाही ठेवता येत? डोमेन जोडलं की जुनी नावं सगळी जाणार, मापांचा खण सुनेच्या नावावर जाणार, मेव्हण्याच्या नावानं काही उघडायचं नाही. आजपासून? उद्या सकाळपासून. आणि मग मी सकाळी काय ऐकायचं?

म्हणजे — कुणी ऐकत असेल तर.

काय टक लावून बघताय. हो. मी. मीच उघडतो रोज. सातला उघडतो कारण आठला मुलगा येतो. घाला तुमच्या नोंदीत. मेव्हण्याची किल्ली मला बोटांनी पाठ आहे — वरच्या ओळीत डावीकडून तिसरं, खालच्या ओळीत मधलं, मग दोन आकडे, मग पुन्हा वरचं. शिवण उसवून पुन्हा घालतात तसं, बघावं लागत नाही. आकडे येतात मला. टेप वाचतो, नंबर वाचतो, साच्यावरचा आकडा अंधारात हात फिरवून सांगतो. अक्षरांशी नाही जमलं. दुसरीत होतो तेव्हा बापानं उचलून इथं आणून बसवलं, हातात रापी दिली, चामडं कापायला, म्हणाला हीच तुझी पेन्सिल. आता हे कुणाला सांगायला जाऊ नका. चाळीस वर्षं सांगितलं नाही ते तुम्हाला सांगितलं म्हणून शेफारू नका — तुम्ही परत येणार नाही, म्हणून सांगितलं.

मेव्हण्याला माहीत आहे. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. शिकलेला — म्हणजे दहावी, पण आमच्यात तो शिकलेला. पुढं बसायचा तो, मापं घ्यायचा. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिल फिरवायची, कुठला पाय किती आखूड, टाच किती उचलायची, आतून का बाहेरून. हे लिहून मला द्यायचं. पहिल्याच महिन्यात त्यानं ओळखलं की चिठ्ठी मी नुसती उलटसुलट करतो. दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठी घेऊन माझ्याजवळ येऊन बसायचा आणि मोठ्यानं वाचायचा — म्हणायचा, दाजी, माझं अक्षर मलाच लागत नाही, ऐका बरं बरोबर वाटतंय का. माझं अक्षर लागत नाही म्हणे. छापल्यासारखं अक्षर त्याचं. लोक पत्रिका लिहून घ्यायला यायचे त्याच्याकडून.

मग त्याचा घसा बसायला लागला, गिऱ्हाइकं वाढली, तर मुलानं त्याला बोलून ठेवायचं यंत्र आणून दिलं. तेव्हापासून तो पुढं बसून बोलायचा, मी मागं बसून कानाला लावून ऐकायचो. सगळ्यांना वाटायचं म्हातारा हौशी आहे. एकेका गिऱ्हाइकाचं एकेक बोलणं, सोळाशेच्या वर आहेत त्या खणात. आणि नुसती मापं नाहीत — शिव्या पण. दाजी, मागच्या वेळची टाच तुम्ही माणसाला बसवलीत का घोड्याला. दाजी, या बाईंना चिमटा बसतोय, तुमच्या बोटांना कळत नसेल तर मला बोलवा. मग खाकरणार. अर्धा मिनिट खाकरायचं, मग नाव, मग गिऱ्हाइक काय काम करतं, कुठल्या मजल्यावर राहतं, जिना चढतं का — पाल्हाळ नुसतं. मग कुठं डावा पाय. मी सुरुवातीचं पुढं ढकलायचो. कोण ऐकत बसणार खाकरणं.

पुढं ढकलायचो म्हटलं ना, कळलं. ते कशाला लिहिताय?

जुनी गिऱ्हाइकं अजून मीच करतो, म्हणून सकाळी ऐकतो. मुलाला वाटतं म्हाताऱ्याला सगळं तोंडपाठ. वाटू द्या की. उद्यापासून तो खण सुनेचा झाला, तर मला तिच्याकडं जावं लागेल, तर ती छापलेला कागद हातात देईल — घ्या बाबा, सगळं लिहिलंय. चांगली आहे ती. म्हणून तर नको.

काय? कुठली ओळ? — वाचा मोठ्यानं. नका वाचू. वाचा. मेव्हण्याच्या नावानं, एक फाइल, पुसली. एकच? सोळाशेत एकच पुसलेली, म्हणून डोळ्यांत भरली म्हणता. तुमच्या डोळ्यांना दुसरं काम नाही. पेटीचं घड्याळ चुकीचं आहे ना, मग तारीख चुकीची असणार. सात मिनिटं. हो, सात मिनिटंच. दिवस नाही. कळतं मला, सांगायला नको.

त्या दिवशी मेव्हण्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. सकाळी नेलं होतं दवाखान्यात, मोतीबिंदू, आमची ही बरोबर होती त्याच्या, मुलगा गाडी घेऊन. दुकानात मी एकटा. ही ओळ मुलानं वाचली तर त्याला बोटं मोजायला पण लागणार नाहीत.

बसा. बसा म्हटलं ना. हलतं तर हलू द्या.

एक शिंपीण आहे. पायमशीन चालवते, ब्लाउज, परकर, पडदे. डावा पाय अर्धा इंच आखूड, लहानपणापासून. तिचा जोड केला होता मी, वरचं चामडं शिवून झालं होतं, साच्यावर नंबर असतो त्यामुळं माप चुकायचा प्रश्नच नाही, बूट तिच्या पायाचाच. फक्त तळाचा थर चढवायचा होता. कुठल्या पायाला, किती — तेवढं ऐकायचं होतं. आता मला नावं वाचता येत नाहीत, तर मी ओळखायचो कसं? जागेवरून. सगळ्यात नवं बोलणं सगळ्यात खाली. शेवटचं म्हणजे कालचं, शेवटून तिसरं म्हणजे परवाचं. कधी चुकलो नाही. पण त्याच आठवड्यात मुलानं ही पेटी आणली आणि सगळी बोलणी जुन्या कॉम्प्युटरमधून हिच्यात टाकली, आणि हिनं ती लावली नावाच्या अक्षरांप्रमाणं. मला काय माहीत? खण तसाच दिसतो. मी सगळ्यात खालचं वाजवलं. खाकरणं पुढं ढकललं. उजवा पाय, अर्धा इंच. लावला थर. ते बोलणं होतं पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांचं.

खाकरणं ऐकलं असतं तर नाव आलं असतं पुढं. अर्ध्या मिनिटाचं तर होतं.

ती जोड न्यायला आली. घालून दोन पावलं टाकली, म्हणाली, बाबा, काहीतरी वेगळं वाटतंय, कलतंय. मी मान वर पण केली नाही. म्हटलं नवा जोड आहे, चार दिवस घाला, सवय होईल. नवा जोड चावतो, कलतो, ते मी चाळीस वर्षं सगळ्यांना सांगतो आणि चाळीस वर्षं खरं असतं. तिनं ऐकलं माझं. लोक ऐकतात, मी ओरडून बोलतो म्हणून. तिसऱ्या दिवशी जिन्यावरून गेली खाली. उजव्या हाताचं मनगट. हाड जुळलं, पण कात्री धरली की अंगठा थरथरतो अजून. तिचा नवरा बूट घेऊन आला, या इथं आपटला टेबलावर. मी हातात घेतला, उलटा केला — एका नजरेत दिसलं.

आणि मी म्हटलं, मापात चूक झाली असणार.

आपोआप आलं तोंडातून. चूक झाली म्हटलं असतं तर मुलानं विचारलं असतं कशी झाली — आणि कशी झाली ते सांगायचं म्हणजे... जाऊ द्या. मेव्हणा तेव्हा डोळ्याच्या तपासण्यांसाठी घरीच होता. मग नंतर तीन दिवसांनी, ऑपरेशनच्या दिवशी, दुकानात एकटा होतो. तिचं बोलणं शोधायला दोन तास लागले, एकेक वाजवत गेलो, सगळी खाकरणी ऐकली त्या दिवशी. सापडलं. स्वच्छ बोललाय. डावा पाय, अर्धा इंच, डावा, दाजी, डावा — दोनदा बोललाय. आणि पुढं म्हणतो, बाईंचा मशीनवरचा पाय उजवा आहे, त्याला हात लावू नका. पुसलं मी ते. पुसायचं बटण मुलानंच दाखवलं होतं, लाल असतं.

मेव्हणा आला ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी, डोळ्यावर हिरवं फडकं, वरून काळा चष्मा. मुलगा चिडलेला. मामा, माप चुकलं कसं? तर हा शांत. म्हणाला, मी नीट बोललोय, वाजवा. वाजवा की, सगळ्यांसमोर वाजवा. मुलानं पेटी उघडली. शोधलं. नाही. सोळाशे आहेत, ते एक नाही. त्या खणाला हात लागतो तो एकट्या मेव्हण्याच्या नावानं. मुलानं नुसतं बघितलं मामाकडं. सून आत निघून गेली. मेव्हण्यानं चष्मा काढला आणि माझ्याकडं बघितलं, एका डोळ्यानं.

एक वाक्य पुरलं असतं त्याला. तुझ्या बापाला वाचता येत नाही, माझ्या नावानं तोच उघडतो — संपलं. सुटला असता. नाही बोलला. आणि मी — मी काय केलं सांगू, मी रापी दगडावर घासायला घेतली. घासत राहिलो. म्हटलं, एवढ्या वर्षांचा माणूस, चूक केली ती केली, वर पुसून टाकायची. हे मी म्हटलं. तो उठला, पेन्सिल कानावरची काढून टेबलावर ठेवली आणि गेला. दोन गल्ल्या पलीकडं राहतो. आमची ही तेव्हापासून मला जेवायला वाढते आणि भिंतीशी बोलते. विचारलं नाही तिनं एकदाही. भाऊ आहे तिचा, तिला काय विचारायचंय.

आणि सकाळी सातला मी त्याच्याच शिव्या ऐकतो. दाजी, टाच नीट बसवा.

वायर केरसुणीनं नव्हती निघाली. मी ओढली होती. मुलगा जेवताना बोलला होता, डोमेन जोडताना माणूस जुन्या नोंदी पण तपासणार आहे. म्हटलं जोडलंच नाही तर कोण तपासतंय. तिसऱ्यांदा याल असं नव्हतं वाटलं — चिवट आहात. हे कौतुक नाही.

तुम्ही बोलू नका. तुमच्या तोंडावर दिसतंय काय बोलणार ते, आणि ते मला तुमच्याकडून ऐकायचं नाही. माफी-बिफी असलं काही मला जमत नाही. त्याच्या दारात जाऊन उभा राहीन, आणि मग काय, तो म्हणेल या दाजी, मी म्हणेन बरा आहेस का, चहा होईल, मी परत येईन. चार वेळा गेलोय त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथं एक पानवाला आहे, त्याला वाटतं मी त्याच्यासाठी येतो.

ती चौकट अजून तशीच आहे का? ठेवायच्या का पुसायच्या?

हात काढा. बटणावरून हात काढा आधी.

ठेवा. ठेवा म्हणतोय ना, दोनदा काय विचारताय. मुलानं वाचलं तर वाचू द्या. सुनेनं पण वाचू द्या, ती नाहीतरी मला छापील कागद देणारच आहे, मग मी म्हणेन वाच. माझ्या नावासमोर काय घालायचंय ते सून घालेल माझ्या शेजारी बसून. आणि मेव्हण्याचं नाव यादीत घाला, सातवं. मुलानं सांगितलं नसेल, मी सांगतोय. वापरेल न वापरेल, त्याची मर्जी. मापांचा खण त्याचा. सुनेला सांगेन मी.

आणि एक काम करा. ती एक ओळ — तारीख, वेळ, काय पुसलं — ती कागदावर काढून द्या. छापायचं मशीन पुढं आहे, टेबलाखाली. मोठ्या अक्षरांत काढा, अजून मोठ्या, पानभर येऊ द्या. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलंय त्याचं. मला कशाला हवंय, मला कुठं वाचता येतंय — त्याला येतं. दाराखालून सरकवीन. तारीख बघितली की त्याला कळेल मी आलो होतो.

आणा इकडं. हे खाली काय आहे, आकडा? साडेदहा वाजले होते तर. त्यातली सात मिनिटं वजा.

तुमच्या कागदावर सही कुठं करायची? इथं? सही येते मला, चित्रासारखी काढतो. झालं? दिवा हिरवा झाला? मग निघा आता. आणि जाताना वायरीत पाय अडकवू नका.